नटीचं आत्मचरित्र, कंपनीच्या बसमध्ये

चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये ती दिघीला चढते आणि माझ्या शेजारी बसते. सगळ्या तिला ‘हिरॉईन’ म्हणतात, कारण एका नटीचं आत्मचरित्र ती आम्हाला रोज मोठ्यानं वाचून दाखवते. ‘मी’ असं आलं की स्वतःच्या छातीवर बोट टेकवते. गोष्टीला तिखटमीठ लावण्यात आपणच हुशार, असं मला घरी वाटायचं. हिच्यापुढे माझ्या गोष्टी म्हणजे पथ्याचं जेवण.

परवा तिनं वाचलं, “त्यानं पुन्हा हात उचलला. मी त्याला बाहेर काढलं आणि आतून कडी लावली. आता तो रोज येऊन माफी मागतो.”

मी सहज पुस्तकात डोकावले. बक्षीस घेताना हसणाऱ्या नटीचा पानभर फोटो होता, अक्षर एकही नव्हतं. तिचं बोट मात्र ओळी असल्यासारखं त्या फोटोवरून फिरत होतं.

“मग? घेतलं का गं त्याला घरात?” मागच्या सीटवरच्या मावशींना राहवेना.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी चक्क गप्प बसले. माझ्यासारखी तिखटमीठवाली फोटोचं गुपित पोटात ठेवते, हे घरच्यांना सांगितलं तर पटायचं नाही.

“न्हाई मावशी,” ती पान न उलटता म्हणाली, “अजून तरी न्हाई.”