दोन खेळांच्या मधलं आवार

खडूनाना माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत. आधी चाकाकडे बघत. गाडी टॉकीजच्या आवारात शिरली की ते वाकून मागच्या टायरवर नजर टाकायचे आणि मान वर न करताच विचारायचे, "पुणतांब्याचे का?" बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. नदीकाठचा काळा गाळ, माळावरचा मुरूम, कारखान्याच्या रस्त्यावर चिकटलेलं उसाचं पाचट, हे सगळं त्यांना टायरवर वाचता यायचं. मग खिशातून पांढरा खडू काढून ते टायरवर रेघ ओढायचे. बाराच्या खेळाला एक रेघ, तीनच्या खेळाला दोन, सहाच्या खेळाला तीन. पार्किंग सांभाळणारा माणूस म्हणून त्यांना सगळा तालुका ओळखायचा, पण नावाने कुणीच नाही.

ही टॉकीज आमच्या तालुक्याच्या गावात, नगर-मनमाड रस्त्याला लागून आहे. इमारत बेताची आणि आवार मात्र आठवडे बाजार भरवावा एवढं. त्याबद्दल गावात प्रत्येकाचा आपापला संशय होता. कुणी म्हणे, मालक शेठच्या वडिलांनी सिलिंगच्या कायद्यातून जमीन वाचवायला टॉकीज काढली. कुणी म्हणे, पुढेमागे प्लॉट पाडायचेत, सिनेमा हे नुसतं निमित्त. समोरचा चहावाला म्हणायचा, "बैलगाड्या सोडायला ठेवली होती जागा. तेव्हा बैलपण पिक्चर बघायचे."

मी ज्या आर्किटेक्टकडे नुकतीच नोकरीला लागले होते, ते सर म्हणाले की यात गूढ काही नाही. परवाना देताना खुर्च्यांच्या प्रमाणात गाड्यांची जागा सोडायला लावतात. पुढे मोठ्या सभागृहाचे दोन लहान पडदे झाले, ऐसपैस खुर्च्या आल्या, त्यामुळे खुर्च्यांची संख्या निम्म्यावर आली. आवार तेवढंच राहिलं. आता शेठना अर्ध्या आवारात भिंत घालून गाळे काढायचे होते. त्यासाठी प्रत्यक्षात किती जागा लागते याची पंधरा दिवसांची मोजणी अर्जाला जोडायची होती. ती माझ्याकडे आली.

पहिल्या दिवशी मी स्कूटी लावली तेव्हा नानांनी टायर पाहिलं, रेघ ओढली नाही. "तुमी पिक्चरला न्हाई आल्या," ते म्हणाले.

"नाही. मोजणीसाठी आले आहे."

"कोनाच्या वतीनं?"

मी ऑफिसचं नाव सांगितलं. माझं मराठी बोलणं इंग्रजी शाळेतलं, जरा पुस्तकी. त्यामुळे मी काहीतरी लपवते आहे असं लोकांना वाटतं. नाना माझ्या हातातल्या पॅडकडे बघत म्हणाले, "शेठनं पाठवलं म्हना की." आणि पुढच्या गाडीकडे गेले. त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी शेठची माणूस झाले.

संशय घेणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता. टॉकीजच्या आवारात गाडी लावून कोर्टात, बँकेत किंवा एसटी स्टँडवर जाणारे लोक पुष्कळ. त्यांना नाना हटकून विचारायचे, "हिरो कोन हाय?" एकदा एक गृहस्थ बॅग घेऊन लगबगीने निघाले होते. ते म्हणाले, "अजून पाहिला कुठे, बघायलाच चाललोय." नाना शांतपणे म्हणाले, "मग उलटं का चाल्लाय पाव्हनं? पडदा तिकडं हाय." गृहस्थ परत वळले, थेट तिकीट खिडकीपर्यंत गेले आणि नाना दुसरीकडे बघतायत असं वाटल्यावर पुन्हा रस्त्याला लागले. नानांनी त्यांच्या गाडीच्या टायरवर फुली मारून ठेवली. संध्याकाळी त्या फुलीवरून जो संवाद झाला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

मीही त्यांच्यावर नजर ठेवून होते. दोन गोष्टी मला खटकत होत्या. एक म्हणजे आवाराच्या मधोमध त्यांनी एक रुंद पट्टा कायम रिकामा ठेवला होता. रविवारीही तिथे कुणी मोटारसायकल टेकवली तर ते धावून जायचे. कारण विचारलं तर म्हणाले, "ती जागा भरलेली हाय. तुमाला दिसत न्हाई एवढंच." दुसरी गोष्ट, सकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी त्या पट्ट्यात तीन-चार बायका स्कूटी शिकायला यायच्या. नाना गेटाजवळ त्यांच्याकडे पाठ करून उभे राहायचे. मला वाटलं, हे जागा भाड्याने देतात आणि म्हणूनच यांना भिंत नको असणार. पाठ का करतात, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मी पहिल्या पानावर नोंद केली: सकाळी आवाराचा खासगी वापर होतो.

मोजणीची माझी पद्धत मला अगदी तर्कशुद्ध वाटत होती. खेळ सुरू झाला की अर्ध्या तासाने मोजायचं. सगळे आत गेलेले असतात, कुणी ये-जा करत नाही, आकडा चुकत नाही. खरं कारण वेगळं होतं. खेळ सुटायच्या वेळी आवारात पोरांचे घोळके उभे असायचे आणि त्यांच्यामधून पॅड घेऊन फिरायची मला भीती वाटायची. ती वेळ मी कँटीनच्या मागच्या लिंबाखाली काढायचे. पहिल्या आठवड्याचे माझे आकडे स्वच्छ होते. आवार अर्ध्याहून जास्त रिकामं होतं.

"मोजा, मोजा," नाना एकदा जाता जाता म्हणाले. "पन गाड्या निजल्यावर मोजताय तुमी."

मला वाटलं, हा टोमणा आहे.

दुसऱ्या आठवड्यातल्या रविवारी मी बाराच्या खेळाची मोजणी संपवून, कँटीनमध्ये जेवून, आकडे पक्के करून निघाले, तर माझ्या स्कूटीच्या मागे दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या येऊन उभ्या होत्या. बायकांनी डोक्यावर घेतलेला सिनेमा लागला होता आणि गावंच्या गावं येत होती. ट्रॉल्या तीनच्या खेळाच्या होत्या, आणि अजून सव्वादोनच वाजले होते. ट्रॅक्टर हळू चालतो, आणि सुरुवातीच्या नावांच्या पाट्या चुकल्या तर पिक्चर पाहिल्यासारखा वाटत नाही, म्हणून ते तासभर आधी निघतात. मी अडकले. तेवढ्यात बाराचा खेळ सुटला.

मला वाटलं, आता जुने जातील, नवे राहतील. पण जुनं कुणी जाईना. ट्रॉलीतून आलेली आळी ट्रॉलीतूनच परतते, आणि शेवटची बाई चढल्याशिवाय ट्रॅक्टर हलत नाही. कुणी चहा प्यायला गेलेलं, कुणी पोराला भेळ घ्यायला, कुणी आलोच आहोत तर बाजारात परकर बघायला. एका ट्रॉलीतून एक म्हातारी ओरडत होती, "अगं सुमन कुठं हाय? सुमनला सोडून जायचं का?" आणि सुमन दुसऱ्या ट्रॉलीत चढून बसली होती. तिकडून कुणीतरी म्हणालं, "हितं बसली हाय तुमची सुमन. आमच्या गावात नांदायची म्हनती."

एक रेघवाल्या गाड्या तशाच उभ्या आणि दोन रेघवाल्या गेटातून आत येत होत्या. एका खेळाची माणसं जायची आहेत आणि दुसऱ्या खेळाची आलेली आहेत. त्या अर्ध्या तासात आवारात एक टॉकीज नव्हती, दोन होत्या.

नाना मधल्या पट्ट्यात उभे राहून दोन रेघवाल्यांना आत घेत होते आणि एक रेघवाल्यांना गाव बघून मागच्या गेटाने काढत होते. ज्या रस्त्याला जायचं त्या रस्त्याच्या क्रमाने. मी लिंबाखाली दिसल्यावर ते तिथूनच ओरडले, "मॅडम, पान्याच्या टाकीच्या कट्ट्यावर चढा. हितं चेंगराल."

मी चढले. खालून ते म्हणाले, "आता मोजा की. जाग्या हायेत."

मोजलं. पट्टा भरला होता. आवार गच्च भरून चार-पाच गाड्या रस्त्यावर उभ्या होत्या. अर्ध्या आवारात भिंत आली असती तर त्या सगळ्या ट्रॉल्या, बायकापोरांसकट, हायवेवर मागे-पुढे झाल्या असत्या.

सोमवारी मी सरांना सांगितलं. "फॉर्मवर मोजणीची वेळ विचारलेली नाही," ते म्हणाले. मला वाद घालता येत नाही. पण रात्रीपर्यंत मी दुसरं पान लिहिलं, प्रत्येक आकड्यापुढे वेळ घातली, सही केली आणि सकाळी त्यांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी ते जोडलं. माझ्यासाठी नाही, "उद्या काही झालं तर शेठ आपल्याकडे बोट दाखवतील," असं म्हणून. गाळ्यांचा नकाशा मंजुरीत अडला.

ते पान मी फार प्रामाणिकपणे लिहिलं होतं. शाळेत आम्हाला शिकवलेलं, की दुसऱ्याकडून कळलेली गोष्ट त्याच्या नावाशिवाय मांडणं म्हणजे चोरी. म्हणून मी सोमवारी संध्याकाळी मुद्दाम जाऊन नानांना त्यांचं पूर्ण नाव विचारलं होतं. ते आधी सांगेनात. "कशाला पायजे?" म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्यामुळे कळलं, तर तसं लिहायला हवं." त्यांनी सांगितलं, पण नाखुषीने. मी पानाच्या वरच लिहिलं, की पार्किंग सांभाळणारे अमुक अमुक यांच्या सांगण्यावरून मोजणीची वेळ बदलली.

शेठनी ते वाचलं. पंधरा दिवसांत नानांना कामावरून कमी केलं. खरं सांगितलं म्हणून काढलं, असं तर म्हणता येत नव्हतं. त्यांनी कारण दाखवलं ते माझ्याच पहिल्या पानावरचं: सकाळी आवाराचा खासगी वापर. त्या बायकांपैकी एक मला नंतर बाजारात भेटली. मी विचारलं, नाना किती घ्यायचे. ती म्हणाली, "घेतील कशाचं? पडलो तर कुनी बघू नये म्हनून गेटावर पाठ करून उभं राहायचं म्हातारं. दुसऱ्या कुनाला आत येऊ द्यायचं न्हाई."

मी तशीच टॉकीजवर गेले तेव्हा नाना आपलं स्टूल रिक्षात ठेवत होते. ते भंडारदऱ्याकडे, लेकीच्या गावी निघाले होते. मी नुसतं "नाना, मी मुद्दाम नाही केलं," एवढंच म्हणाले.

त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. विश्वास बसला की नाही ते मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

"आकडा खरा हुता तुमचा," ते म्हणाले. "खऱ्या आकड्याला कोनाचं नाव लागत न्हाई, मॅडम. शेठची मानसं म्होरं नाव बघत्यात, आकडा मागनं." मग रिक्षावाल्याला म्हणाले, "चल रं."

भिंत अजून झालेली नाही. गेटावर आता पावतीचं मशीन घेतलेला माणूस बसतो, मधला पट्टा त्याने भरून टाकला आहे, आणि गर्दीच्या रविवारी ट्रॉल्या हायवेवर उभ्या राहतात.

मी त्यानंतर पुष्कळ ठिकाणी मोजणी केली. मंगल कार्यालयं, दवाखाने, एक शाळा. आता मी दोन लग्नांच्या मधल्या वेळेत मोजते, पहिली पंगत उठत असते आणि दुसरं वऱ्हाड येत असतं तेव्हा. घोळक्यातून पॅड घेऊन चालते. कुठेही गेलं तरी कुणीतरी वॉचमन, झाडूवाली, माळी माझ्याजवळ येऊन हळूच खरी गोष्ट सांगतं आणि बिचकत विचारतं, "ताई, आमचं नाव लिहिणार का?" पानावर वर मी एवढंच लिहिते: प्रत्यक्ष पाहणीवरून. परवा सरांनी विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?"

"मी पाहिलं," मी म्हणाले. आणि त्यांच्याकडे बघत राहिले, त्यांनी पान उलटेपर्यंत.