खांबेटे गुरुजींची एक जूनची मुलं

आमच्या प्राथमिक शाळेतल्या बहुतेक मुलांचा वाढदिवस एक जूनला असतो. त्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून सगळे सगळ्यांना शुभेच्छा देतात आणि कुणीही त्या फारशा मनावर घेत नाही. कारण आम्हा सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घालण्याचं काम खांबेटे गुरुजींनी शाळेच्या रजिस्टरात, टाक दौतीत बुडवून, शांतपणे उरकलेलं आहे.

हडपसर तेव्हा गावच होतं. गुरुजी सदाशिव पेठेतून बसने यायचे. हातात छत्री, चेहऱ्यावर आमच्या गावाने आपला काहीतरी अपराध केला असल्याचा भाव. ओरडणं त्यांना ठाऊक नव्हतं, त्याची गरजही नव्हती. उशिरा आलेल्या मुलाला ते म्हणायचे, "या. आपल्यासाठी पाढे थांबवून ठेवलेत." एकदा एकाने गृहपाठ न करण्याचं कारण म्हैस व्याली असं सांगितलं. "अभिनंदन," गुरुजी म्हणाले, "पण पाढे तिने लिहायचे होते का?" आम्हाला यातलं निम्मं कळायचं नाही. शहरातली माणसं अशीच बोलत असतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

जन्माचा दाखला गावात कुणाकडेच नसायचा. कुणाचं पोर पोळ्याच्या आदल्या दिवशी झालेलं, कुणाचं ओढ्याला पूर आला त्या साली. म्हणून वय ठरवण्याची एक सोपी पद्धत होती. मुलाने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. कान हाती लागला की मूल सहा वर्षांचं. मग जन्मतारीख एक जून, म्हणजे शाळा सुरू होताना वय भरलेलं.

माझी थोरली बहीण तारा या परीक्षेत नापास झाली होती. तिचा हात दोन बोटं कमी पडला. "पुढच्या वर्षी या," म्हणून गुरुजींनी तिला परत पाठवलं. पुढच्या वर्षापर्यंत मी जन्मले होते आणि ताराच्या कडेवर बसले होते. आई शेतात जायची, मला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. तारा शाळेत गेली नाही ती नाहीच.

मी साडेचार वर्षांची झाले तेव्हा आई पुन्हा पोटुशी होती. पुढचा जून आला की माझ्याही कडेवर कुणीतरी बसणार, हे तिने ओळखलं आणि वडिलांच्या मागे लागून मला शाळेत पाठवलं. मला उचलून आणलं होतं ताराने. ती दाराबाहेरच थांबली. वडील गुरुजींना म्हणाले, "ल्हान हाय अजून. औंदा ऱ्हाऊ द्या, पुढल्या साली बघू." गुरुजींनी दाराकडे पाहिलं. मग मला जवळ ओढलं. माझा हात जेमतेम टाळूपर्यंत गेला.

"मान वाकडी कर," गुरुजी म्हणाले. "अजून. अजून थोडी."

"अवो गुरुजी, ही कसली रीत? मान वाकवली तर कुनाचा बी पोचंल की."

"नियम हाताबद्दल आहे. मानेबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही." एवढं बोलून त्यांनी माझी बोटं स्वतःच कानाला टेकवली आणि रजिस्टर उघडलं. मी एका क्षणात दीड वर्षाने मोठी झाले.

या दीड वर्षाने पुढे माझ्यावर सूड घेतला. सरकारी कचेरीत कारकून म्हणून नोकरी केली, आणि काम नुकतं कुठे जमायला लागलं असं वाटत असतानाच कागदाने मला अठ्ठावन्न वर्षांची ठरवून घरी बसवलं. मी पेढे घेऊन गुरुजींच्या पेठेतल्या फ्लॅटवर भांडायला गेले. ते ऐंशीच्या पुढे होते, जिभेचं वय मात्र वाढलेलं नव्हतं.

"गुरुजी, तुमच्यामुळे दीड वर्ष आधी निवृत्त झाले."

"खरी तारीख लिहिली असती तर नोकरीलाच लागली नसतीस. मग निवृत्त कोण झालं असतं?" त्यांनी पेढा घेतला, अर्धा परत ठेवला. "तारा काय करते?"

तिचं नाव त्यांच्या लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं. मी गडबडले आणि सांगून टाकलं, "शिकली ती नंतर, प्रौढांच्या वर्गात. रोज पेपर वाचते."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "खोटी नोंद करायचं काम माझं होतं," ते म्हणाले. "तू त्यात पडू नकोस." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "तेव्हा मी नवा होतो. नियम पाळायचो. पुढच्या जूनला ती दिसली, कुंपणापाशी, तुला घेऊन उभी. त्यानंतर मी कुणाची बोटं मोजली नाहीत." मला फार वाईट वाटलं. मी नमस्कार करून निघाले.

त्याच श्रावणात गुरुजी गेले. मी हडपसरच्या बाजारात ताराकडे गेले. तिथे ती अजून भाजी विकते. शाळेचा विषय निघाला की, "कामाची भीती असनाऱ्यांसाठी असतीय शाळा," असं ती जन्मभर म्हणत आली आहे. गुरुजी गेल्याचं आणि ते काय म्हणाले ते मी तिला सांगितलं. ती हसून उडवून लावेल असं मला वाटलं होतं.

तिने मेथीची जुडी बांधून बाजूला ठेवली. "मी दुसऱ्या दिवशी बी गेलते," ती म्हणाली. "आईनं डोक्यावर बुचडा बांधला हुता ना, म्हनून हात कमी पडला. दुसऱ्या दिवशी केस सोडले, तेल लावून चापून बसवले, आन् एकटीच जाऊन दारात कान धरून उभी ऱ्हायले. पोचला हुता हात."

"मग?"

"गुरुजी खाली मान घालून लिवत हुते. लई वेळ लिवत हुते. मग हात दुखाया लागला, घरी आले."