न थांबवता येणारी लढाई

हे सांगायला मी याआधीही बसलो आहे. दर वेळी काहीतरी आठवलं आणि उठलो. कधी औषध घ्यायचं राहिलं होतं, कधी दूध तापवायचं होतं. एकट्या माणसाला उठायला कितीसं कारण लागतं? खरं म्हणजे मी टाळत होतो, वर्षानुवर्षं. बायकोला सांगितलं नाही, मुलाला नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. म्हणून आता तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत असाल तर बहुधा माझ्या सदरामुळेच.

हो, तेच. व्हिडिओ गेमच्या परीक्षणांचं सदर.

अख्खी नोकरी मी नागपुरातल्या एका दैनिकात नाटकांवर लिहिण्यात काढली. निवृत्त झाल्यावर त्यांच्या वेबसाइटचं काम पाहणारी एक मुलगी घरी आली. म्हणाली, ‘काका, सिनेमावर सगळेच लिहून राहिले. गेमवर मराठीत धड कोणी लिहीत नाही. तुम्ही लिहा ना.’ मी हो म्हटलं. का म्हटलं? मला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कोणीतरी अजून आपल्याला लिहायला सांगतं आहे—निवृत्त माणसाला तेवढं पुरतं.

मुलगा राहुल यानं गेमचं यंत्र आणलं, टीव्हीला जोडलं, कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि ऑफिसला निघून गेला. मी पहिल्याच खड्ड्यात पडलो. पुन्हा पडलो. एका बटणानं पळायचं, दुसऱ्यानं उडी मारायची. दोन्ही एकदम दाबायची वेळ आली की माझे अंगठे एकमेकांची वाट बघत बसायचे. पडद्यावरचा माणूस काठावर जरा घुटमळायचा आणि मग सावकाश चालत आत जायचा.

सून करुणा स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. शेवटी तिला राहवेना. ‘बाबा, तो खड्ड्यात राहाले गेला काय? भाडं तरी विचारा त्याले.’

ती येऊन बसली, कंट्रोलर घेतला आणि तो माणूस असा काही पळत सुटला की मी चष्मा पुसून घेतला. तिचं माहेर सक्करदऱ्याचं. लहानपणी ती आणि तिचा भाऊ मिळून टीव्हीला जोडायचा कॅसेटचा गेम खेळत. लग्न झालं, आमच्या जरीपटक्याच्या घरी आली, आणि ते तिथंच राहिलं. कोणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

तर पहिली गोष्ट ही. त्या सदरात मी जिथं जिथं ‘मी खेळलो’ असं लिहिलं, तिथं तिथं करुणा खेळली. मी शेजारच्या खुर्चीत बसून पाहत होतो.

नुसतं पाहतही नव्हतो—तिनं मला पाहायला शिकवलं. जन्मभर नाटकं पाहिलेल्या माणसाला! ती म्हणायची, ‘चित्रं नका पाहू बाबा, उडी मारल्यावर पाय जमिनीले लागतो तेव्हा कसं वाटते ते पाहा.’ एका जुन्या भुताच्या गेमचा रिमेक आला, म्हणजे तोच गेम नव्यानं घडवलेला. मी त्याच्या लख्ख दालनांवर भाळलो. ती म्हणाली, ‘जुन्यात काही दिसत नव्हतं म्हणून तर भीती होती. आता इतका उजेड केला, भूत कुठं बसन?’ एक गेम मोठ्या यंत्रावरून हातात धरायच्या लहान यंत्रावर आणला होता. त्याला पोर्ट म्हणतात हेही तिनंच सांगितलं. त्यातली अक्षरं इतकी बारीक होती की तिनं माझं भिंग मागितलं. मी त्या आठवड्यात लिहिलं, ‘गेम आणला, पण वाचणाऱ्याचे डोळे आणायला विसरले.’ वाचकांना फार आवडलं. वाक्य माझं, पण भिंग मागणारी ती.

तिचं नाव का घातलं नाही? एकदा विचारलं होतं, अर्धवट. ती म्हणाली, ‘नको बाबा, आई काय म्हणतीन.’ मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. ते सोयीचं होतं.

आई म्हणजे माझी बायको, शांता. दुपारी ती विहारातल्या महिला मंडळात जायची, आणि आमचा खेळ तेवढ्या वेळातच चालायचा. फाटक वाजलं की कंट्रोलर माझ्या मांडीवर यायचा आणि करुणा पदर खोचून चहाला उठायची. कोणी ठरवलं नव्हतं, तसं होत गेलं. शांता आत येऊन म्हणायची, ‘झालं का म्हाताऱ्याचं पोरपण?’ मी हसायचो. करुणा आतून हसायची. त्या दुपारी फार सुखाच्या होत्या. मुलगी नसलेल्या माणसाला त्या मिळाल्या. त्यांचे आभार कसे मानायचे हे मला अजून कळलेलं नाही.

एवढंच असतं तर मी लिहायला बसलो नसतो. दुसऱ्याच्या खेळावर आपलं नाव लावलं, हे वाईटच. पण त्यानं कोणाचं हाड मोडलं नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात एक रिमेक आला. मूळ गेम करुणाच्या लहानपणचा. एक बाई कंदील घेऊन बर्फाच्या डोंगरावर चढते, वर तिचा हरवलेला भाऊ आहे. शेवटी एक प्रचंड पांढरं अस्वल आडवं येतं. सक्करदऱ्यात तिला ते कधी जिंकता आलं नव्हतं. दर वेळी मध्येच आई हाक मारायची, आणि मग पुन्हा पायथ्यापासून. कारण ती लढाई मध्येच थांबवायची सोयच नव्हती. नव्या रिमेकमध्येही ती सोय ठेवलेली नव्हती. करुणा पहिल्याच दिवशी म्हणाली होती, ‘गॅसवर दूध ठेवून हे बाईनं खेळावं कसं, बाबा?’

मे महिना होता. बाहेर लूचा गरम वारा चालू होता म्हणून दाराला आतून कडी लावलेली. कूलर घरघरत होता. मला त्या संध्याकाळी मजकूर द्यायचा होता. नवं संगीत कसं आहे ते नीट ऐक, असं म्हणून मीच तिला हेडफोन लावायला सांगितले होते. ती अस्वलापर्यंत पोचली. अस्वल थकत आलं होतं. तिची जीभ लहान मुलीसारखी दातांत आली होती.

आणि बेल वाजली.

कूलरच्या आवाजात फाटक ऐकू आलं नव्हतं, पण बेल आली. एक लांब, मग एक लहान. तशी बेल आमच्याकडे एकटी शांताच वाजवायची.

करुणानं एका कानावरून हेडफोन सरकवला. नजर पडद्यावरच. ‘बाबा, बेल वाजली का?’

मी म्हणालो, ‘नाही. खेळ तू.’

मला काय वाटलं होतं? शांता दोन मिनिटं थांबेल. ओसरीवर सावली असेल. नव्हती—त्या वेळी तिथं ऊन येतं हे मला घर बांधल्यापासून माहीत होतं. बेल पुन्हा वाजली. हेडफोन तोवर परत कानावर गेला होता. मी खुर्चीतून उठलो नाही. मग बेल थांबली, आणि खरं सांगतो—मला बरं वाटलं.

नंतर शेजारच्या बाईची किंकाळी आली. तीसुद्धा मीच आधी ऐकली, पण उठली ती करुणा, कारण तेव्हा मी तिच्या दंडाला हात लावला. ती कंट्रोलर टाकून धावली. शांता पायऱ्यांवर पडली होती. मंडळाचा कार्यक्रम लवकर आटोपल्यामुळे ती उन्हातून चालत आली होती. दारात घेरी आली. उजवं मनगट मोडलं होतं. पडद्यावर अस्वलानं त्या बाईला केव्हाच पाडलं होतं.

संध्याकाळी दवाखान्यात राहुल आला. आईच्या हातातलं सलाईन बघितलं आणि आमच्याकडे वळला. ‘तुम्ही दोघंही घरातच होते ना?’

मी म्हणालो, ‘माझा डोळा लागला होता. कूलर चालू होता.’

हे सांगताना जीभ अडखळली नाही माझी. इतकी परीक्षणं लिहिली, इतक्या नटांचं खोटं बोलणं पकडलं—आणि मी इतका सहज बोललो.

मग सगळे करुणाकडे बघू लागले. ती म्हणाली, ‘माझ्या कानात हेडफोन होते.’ पुढे काही नाही. ‘मी बाबांना विचारलं होतं’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. म्हटलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो—पण हे मी आज म्हणतो आहे, आणि आज म्हणायला काय जातं?

शांता गादीवरून म्हणाली, ‘काहून वं, इतकं काय होतं त्या खेळात?’ रागानं नाही. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. करुणा तिच्या पायावरची चादर सारखी करत राहिली. राहुल करुणाला बाहेर नेऊन बरंच बोलला. काचेच्या दारातून मला शब्द कळत होते.

आणि मी त्याच रात्री मजकूर दिला. शेवट मी पाहिलेला नव्हता. कोणीतरी इंटरनेटवर टाकलेला लढाईचा अर्धाच व्हिडिओ पाहिला आणि लिहिलं: ‘ही शेवटची लढाई मध्येच थांबवता येत नाही, हाच या रिमेकचा प्रामाणिकपणा.’ माझं सगळ्यांत जास्त वाचलं गेलेलं परीक्षण तेच. लोक अजून ते वाक्य मला ऐकवतात.

ते परीक्षण खोटं आहे. मी तो गेम खेळलो नव्हतो, शेवट पाहिला नव्हता, आणि ज्याला मी प्रामाणिकपणा म्हटलं तो त्या गेमचा दोष होता. घरात दूध उतू जातं, दारात माणूस येतो. खेळणाऱ्याला उठता आलं पाहिजे. दुधाबद्दल विचारताना करुणा हेच सांगत होती. जे खरं परीक्षण होतं, ते मी छापलं नाही.

यंत्र माळ्यावर गेलं. डोळे दुखतात असं कळवून मी सदर बंद केलं. शांताचं मनगट पुढे कधी नीट वळलं नाही. भाकरी थापताना ती डाव्या हातानं परात फिरवायची. नातेवाइकांत ती सांगायची, ‘आमच्या सूनले गेमचं वेड होतं ना गा, त्यात झालं हे.’ करुणा तिथंच चहा देत असायची. मीही तिथंच चहा घेत असायचो.

याच करुणानं शांताच्या शेवटच्या आजारपणात तिची वेणी घातली, तिला भरवलं. शांता गेली, ती माझं खोटं खरं मानूनच. राहुल आणि करुणा त्याआधीच सक्करदऱ्याला फ्लॅट घेऊन राहायला गेले होते, पण माझा डबा तिकडून रोज येतो. वांग्याच्या भाजीत तिखट कमी असतं, कारण मला सोसत नाही. आणि मी रोज तो डबा उघडतो. तुम्हीच सांगा—नको, सांगू नका.

परवाच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. जाताना वाक्य तयार होतं. लहानच होतं. राहुल बाहेर गेला होता. करुणा म्हणाली, ‘बाबा, तुम्हाले एक गंमत दाखवू?’ आणि हातात धरायचं ते लहान यंत्र घेऊन माझ्याशेजारी बसली. कंदील घेतलेली बाई. तोच डोंगर, पोर्ट होऊन आलेला. या वेळी अक्षरं मोठी होती. बर्फावर पाऊल पडलं की करकर ऐकू येत होती. ती अस्वलापर्यंत पोचली आणि जीभ दातांत आली. केस पांढरे झाले आहेत तिचे कानाशी, पण जीभ तशीच.

बेल वाजली. तिनं एक बटण दाबलं. अस्वल पंजा उगारून तसंच उभं राहिलं.

‘आता थांबवता येते, बाबा,’ असं म्हणून ती दार उघडायला गेली.

दारात सिलिंडरवाला आला होता. मी त्या थांबलेल्या पडद्याकडे बघत बसलो. वेळ होता. पुष्कळ होता. ती परत आली, पदराला हात पुसून बसली आणि लगेच खेळायला लागली नाही. माझ्याकडे बघत क्षणभर थांबली—निदान मला तसं वाटलं.

मी म्हणालो, ‘बर्फाचा रंग जुन्यापेक्षा बरा केला आहे.’

‘हो ना?’ ती म्हणाली. मग तिनं ते अस्वल जिंकलं. वर भाऊ भेटला. मी तो शेवट पहिल्यांदा पाहिला, आणि तो तिनं मला दाखवला. निघताना तिनं डबा दिला, जिना उतरेपर्यंत हात धरला.

वाक्य माझ्यापाशीच राहिलं. ते असं होतं: ‘करुणा, बेल वाजली होती.’