दीदी, डिस्क गेली!

कोणाकडे प्रवासाचे किस्से असतात, कोणाकडे भुतांचे. माझ्याकडे सैल केबलचे आहेत! ठरवून जमवले नाहीत हो. आपल्याला कॉम्प्युटरमधलं काही कळतं हे नातेवाईकांना एकदा समजलं, की किस्से आपोआप साठत जातात. आपल्याकडे फक्त चिडायचं काम उरतं.

झालं असं, की जुने कॉम्प्युटर फेकू नका, त्यात मोठी हार्ड डिस्क टाका, घरभराचे फोटो आणि गाणी एका जागी राहतील, असं मी सगळ्यांना सांगितलं. झाले जबलपूरभर आमचे घरगुती सर्व्हर! आता डिस्कला जोडणारी केबल जराशी सैल झाली, की एरर येतो. मग मला फोन येतो, "दीदी, डिस्क गेली!"

डिस्क कधीच गेलेली नसते. केबल असते. पण ऐकतो कोण?

*

चुलतभाऊ प्रशांतचं सदर बाजारात फोटोंचं दुकान आहे. एरर आला म्हणून पठ्ठ्याने नवी डिस्क आणली. पुन्हा एरर. आणखी एक आणली. पुन्हा तेच! तेव्हा कुठे त्याला माझी आठवण झाली.

"केबल बदलून पाहिली का?"

"काहून बदलू? केबल तर एकदम नवीन दिसून राहिली ना!"

मी बोटाने केबल आत ढकलली. सर्व्हर सुरू.

"अच्छा! म्हणजे त्या आधीच्या डिस्क चांगल्या होत्या?"

"होत्या. आण त्या इकडे."

"त्या तर कबाडीवाल्याला दिल्या ना दीदी."

*

जबलपूरजवळच्या पाटणच्या मावशीकडे रोज सकाळी एरर यायचा आणि दुपारी गायब व्हायचा. फोनवर डोकं फोडून झालं, शेवटी बस धरून गेले. पाहते तर सर्व्हर पिठाच्या गिरणीवर ठेवलेला! गिरणी सुरू झाली की सगळं थडथड हलायचं, आणि केबल हळूहळू बाहेर सरकायची. दुपारी गिरणी बंद झाली की मावशी डब्ब्याला एक चापट मारायची, मग तो चालायचा.

"मावशी, हा इथून हलव."

"इथंच वायफाय चांगलं येते."

"मग गिरणी हलव!"

"गिरणी कमावून राहिली बेटा. तुझा डब्बा काय कमावते?"

येताना मावशीने बाजरीचं पीठ बांधून दिलं.

*

पण या सगळ्यांवर कडी म्हणजे दीक्षितपुऱ्यातले आमचे मोठे काका. जन्म कारखान्यात गेला. त्यांच्या सर्व्हरवर काकूंची गाणी आहेत; रविवारी तर काका दिवसभर तीच लावून बसतात. काकू पूर्वी गणपतीत गायच्या, काय गोड गळा होता! मग गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता बोलतात, पण अगदी खरखरीत, हळू. जुन्या कॅसेटींना बुरशी लागून त्या फेकाव्या लागल्या. म्हणजे काकूंचा तो आवाज जगात आता त्या एका डिस्कवर आहे. मी कितीदा म्हटलं, एक कॉपी माझ्याकडे ठेवते. काका म्हणतात, "घरची गोष्ट घरातच ठीक आहे."

त्यामुळे त्यांच्याकडून फोन आला, की मीही हातातलं काम टाकून निघते.

मागच्या खंडेनवमीला असाच फोन आला. काका रडायच्या बेतात. धावत गेले. कॅबिनेट उघडं, डिस्कवर हळदकुंकू, केबलला झेंडूचं फूल बांधलेलं, आणि त्या फुलाच्या ओढीने केबल बाहेर!

"काका, पूजा बाहेरून करायची ना!"

"बाहेर तर पत्रा आहे. काम तर आतवाला करते! कारखान्यात आम्ही मशीन उघडूनच पूजा केली."

केबल लावली, गाणं सुरू झालं. काकांनी डोळे पुसले. काकू माझ्याकडे वळून काही सांगायला लागल्या, तर काकांनी हात वर केला. "थांब ना जरा! तुझा अंतरा चालू आहे."

*

दिवाळीनंतर मी वैतागून काकांकडे क्लिपवाली केबल लावली. ही टक्‌ करून बसते. क्लिप बोटाने दाबल्याशिवाय निघत नाही, म्हणजे नाहीच! काकांनी स्वतः ओढून पाहिली आणि पास केली. मी हात झटकले. सुटले बाई एकदाची!

पुढच्याच रविवारी फोन. "रश्मी बेटा, डिस्क गेली!"

गेले, लावली. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा! काकांनी उंदरांवर शंका घेतली, पिंजरा लावला. मग कामवालीवर घेतली. ती बिचारी म्हणाली, "चाचाजी, मैं तो इतवार को आती ही नहीं."

*

मग आणखी एक रविवार. थंडी मरणाची. मी दात ओठ खात पोहोचले, तर काका दारातच स्वेटर घालून उभे.

"तू पाहा, मी खोव्याची जिलेबी घेऊन येतो. मन लागत नाही गं. सकाळपासून हिचं डोकं खाऊन राहिलो."

ते गेले. मी कॅबिनेट उघडलं. केबल निघालेली, आणि कोणीतरी तिची नीट घडी करून डिस्कशेजारी ठेवलेली. मी ती उचलली, तर माझ्या हातावर काकूंचा हात आला.

"राहू दे ना बेटा," त्या खरखरीत आवाजात काकू म्हणाल्या. "आज सकाळपासून हे माझ्याशी बोलून राहिले."

तेवढ्यात जिना वाजला. काका जिलेबीचा पुडा घेऊन आत आले.

"काय झालं? केबलच ना?"

"नाही काका," मी म्हटलं. "यावेळी डिस्कच आहे."

काकांनी पुडा काकूंच्या हातात दिला. "आणि गाणी?"

"गाणी शाबूत आहेत, काळजी नको. पण एक पार्ट बाहेरून मागवावा लागेल."

"कधीपर्यंत येईल?"

मी काकूंकडे पाहिलं. काकू पुड्याची दोरी सोडत होत्या.

"होळीनंतर," काकू म्हणाल्या.