पेनल्टी बॉक्सचं दार

मुलाच्या अकरावीसाठी बायको त्याला घेऊन पुण्याला गेली आणि अल रीमच्या फ्लॅटमध्ये मी एकटा उरलो. शनिवार अंगावर यायचे. ऑफिसातला एक कॅनेडियन सहकारी तरुणपणी तिकडे आइस हॉकीचा पगारी खेळाडू होता; इथे अबुधाबीत हौशी लीगमध्ये खेळायचा. त्यांना पेनल्टी बॉक्सचं दार सांभाळायला माणूस हवा होता. शिक्षा झालेला खेळाडू त्या काचेच्या खोक्यात येऊन बसतो, वेळ संपली की त्याला सोडायचं.

मी जायला लागलो. बाहेर भट्टी, आत मी स्वेटर घालून. खेळाचं मला फारसं काही नव्हतं. पण खोक्यात आलेला माणूस दोन मिनिटं का होईना, शेजारी बसून बोलायचा.

मारामारीचा नियम मी सहकाऱ्याला विचारला होता.

"आमच्याकडे दोघांनाही पाच-पाच मिनिटं," तो म्हणाला. "सुरुवात कोणी केली हे रेफरीला नक्की दिसलं, तर त्याला वर आणखी शिक्षा. पण ते नक्की असं क्वचितच दिसतं."

"आणि इथे?"

"इथे खलास. मॅचच्या बाहेर."

एका शनिवारी त्याचीच जुंपली. समोरच्या टीममधला एक लेबनीज डेंटिस्ट मघापासून त्याच्या घोट्यावर हळूच काठी मारत होता. शेवटी याने त्याला ढकललं, आणि दोघांनी हातमोजे फेकून दिले. दोन्ही रेफरी जवळ येऊन नुसतेच उभे राहिले. उभ्या माणसांच्या मध्ये शिरलं तर रेफरींनाच लागतं. दोघे बर्फावर पडले तेव्हा कुठे त्यांना सोडवलं.

"सुरुवात त्याने केली," आमचा कॅप्टन डेंटिस्टकडे बोट दाखवून म्हणाला.

"काठी मी पाहिली नाही. हातमोजे दोघांनी टाकले," एक रेफरी म्हणाला. "दोघेही बाहेर."

काठी मी पाहिली होती. पण दारावरच्या माणसाला कोणी विचारत नाही. मी सवयीने दार उघडून धरलं होतं. सहकारी त्याच्यासमोरून सरळ चेंजिंग रूमकडे गेला. शिक्षा दोन्ही टीमना सारख्याच, त्यामुळे त्याच्या बदली शिक्षा भोगायलाही कोणी खोक्यात बसायला आलं नाही. पुढे कोणाला पेनल्टीच झाली नाही. उरलेली मॅच मी त्या खोक्यात एकट्याने पाहिली.

नंतर बेसमेंट पार्किंगमध्ये ते दोघे दिसले. डेंटिस्ट मोबाईलच्या टॉर्चने सहकाऱ्याचा हललेला दात तपासत होता, आणि दोघेही हसत होते.

"शावर्मा खायला चाललोय," सहकारी मला म्हणाला. "यल्ला, सोमवारी भेटू."

मी हात केला. गाडीत बसून घरी फोन लावला.

"एनीबडी फाइट टुडे, बाबा?" मुलाने विचारलं.

"हो, अरे, आज गंमतच झाली—"

"वन सेकंड, ऑनलाइन क्लास सुरू होतोय. आईला देतो."

ती फोनवर आली. "जेवलास का?"

"हो," मी म्हणालो. "टीमबरोबर शावर्मा खाल्ला."

"बरं झालं. ओळखी होतायत."

फोन ठेवल्यावर वाटेत एका कॅफेटेरियासमोर हॉर्न वाजवला, गाडीपाशी आलेल्या पोऱ्याकडे एक शावर्मा मागवला आणि एसी चालू ठेवून गाडीतच खाल्ला.