'कशावरून?' लिहिलेली चिठ्ठी

वत्सलाताईंची आणि माझी ओळख दवाखान्याच्या खिडकीशी झाली, आणि ती भांडणानं झाली. गौरवग्रंथ काढणाऱ्यांनी सांगितलं की पहिल्या भेटीपासून लिहा, म्हणून लिहिते. शाळा माझी चौथीपर्यंतची, तेव्हा बाकीच्यांसारखं सजवून लिहिता येणार नाही.

बोंडअळीनं कापूस पोखरला ती वर्षं. जो तो दोन-तीन औषधं एकात कालवून फवारत होता. आमच्या वावरात एक दिवस फवारणारा गडी आला नाही, म्हणून माझ्या सुनेनं, रेखानं, पंप स्वतःच्या पाठीवर घेतला. दुपारी ती धुऱ्यावर, वावराच्या बांधावरच, कोसळली. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मुलगा तिला ऑटोत घालत असताना कोणीतरी म्हणालं, औषधाची बाटली सोबत न्या, डॉक्टर विचारतात. मी घरात पळाले आणि फळीवरची बाटली पिशवीत टाकली.

तीच माझी चूक. तालुक्याच्या दवाखान्यात बेशुद्ध सून, सोबत विषाची बाटली आणि शेजारी सासू. त्या वर्षांत कापसाच्या गावातून असा माणूस आला की सगळ्यांना एकच कारण सुचायचं. नव्या डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून टाकलं, 'विष प्राशन'. भेटायला आलेली गावची एक बाई माझ्या देखतच बोलली, "इच्या तोंडापायीच पेली असन पोरगी."

मी रेखाला बोलते. रोज बोलते. गावाला ठाऊक आहे. हवालदार बयान घ्यायला येणार होता आणि रेखा डोळे उघडत नव्हती. ती तशीच गेली असती, तर सासूच्या जाचानं औषध पिऊन मेली असं सरकारी कागदावर कायमचं राहिलं असतं. तिची दोन लेकरं मोठी होऊन तेच वाचणार होती.

तिसऱ्या दिवशी यवतमाळहून रक्ताचा रिपोर्ट आला. फवारणीचं विष अंगात गेलं की रक्तातला जो आकडा उतरतो, तो फारच खाली होता. नवे डॉक्टर म्हणाले, आता रक्तातही आलं, म्हणजे शंका नको. तो कागद नोंदीसाठी वत्सलाताईंच्या खिडकीवर गेला. प्रत्येक आजाराला सरकारनं एक आकडा ठरवलेला असतो. कागद वाचून तो लावायचा आणि वर पाठवायचा, हे ताईंचं काम. त्यांनी मला बोलावलं.

"मावशी, तुमी आणलेली बाटली कुठं आहे?"

"काहून? आता बाटलीलेबी भरती करता काय?" मी म्हणाले. तीन दिवस झोप नव्हती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "भांडण मंग करा. पहिले बाटली आणा."

बाटली वॉर्डाच्या खिडकीत तशीच पडली होती. ताईंनी ती हातात घेऊन फिरवली आणि झाकण माझ्यासमोर धरलं. झाकणाचं सील शाबूत होतं. घाईत मी नवी कोरी बाटली उचलून आणली होती, आणि तीन दिवसांत तिच्याकडे नीट कोणी पाहिलंच नव्हतं, मी धरून.

"न उघडलेल्या बाटलीतून पेली कशी?" ताई म्हणाल्या. "अंगावरचे कपडे कुठं आहेत तिचे?"

कपडे माझ्याच पिशवीत बांधून ठेवले होते. ताईंनी हातमोजे घालून ब्लाऊज उलगडला. पाठ आणि कंबर डागांनी कडक झाली होती. आमच्या पंपाचं झाकण गळतं, हे मला तेव्हा आठवलं.

"पिणाऱ्याची पाठ कायले भिजन?" त्या एवढंच बोलल्या. मग केसपेपरला एक चिठ्ठी टाचली. तिच्यावर एकच शब्द होता, 'कशावरून?'

वत्सलाताईंची ही रीत सगळ्या दवाखान्याला ठाऊक होती, आणि पुष्कळांना ती खुपायची. ताई डॉक्टरांचं लिहिलेलं कधी खोडत नसत. तो आपला अधिकार नाही, म्हणत. पण पटेपर्यंत आकडाही लावत नसत. मोठे डॉक्टर चिठ्ठी वाचून खाली आले, बाटली पाहिली, कपडे पाहिले, आणि आपल्या हातानं लिहून सही केली: फवारताना अंगावर सांडून, कातडीवाटे झालेली विषबाधा. अपघात. ताईंनी ते मला वाचून दाखवलं. नंतर म्हणाल्या, "मावशी, रक्त सांगते का विष गेलं. कसं गेलं ते रक्त सांगत नाही. अन् माहीत नसन तं 'माहीत नाही' हेबी लिहिता येते. त्यालेबी आकडा आहे."

मी तिथंच फरशीवर बसले. ताईंनी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली आणि खिडकी बंद केली. गोड बोलणं त्यांच्या स्वभावात नाही. माझ्याही नाही, म्हणून आमचं जमलं.

पाचव्या दिवशी रेखा शुद्धीवर आली आणि तिनं बयान दिलं. हवालदारानं विचारलं, सासूचा त्रास होता काय. ती म्हणाली, "आत्याबाई बोलतेत, पण त्यापायी औषध पेयाचं असतं तं मी लग्नाच्या सालीच पेली असती." हवालदारही हसला. मी मात्र तोंडाला पदर लावला आणि बाहेर गेले.

पुढे माझ्या मालकांवरही ताईंचा उपकार झाला. ते लग्नात बुंदी हाणून तसेच रक्त तपासायला गेले. कंपाउंडरनं साखरेचा आजार लिहून दिला. घरात महिनाभर माझाही चहा फिका झाला. ताईंनी कागदाला चिठ्ठी लावली, उपाशीपोटी पुन्हा तपासा म्हणाल्या. आजार निघाला नाही. मी मात्र महिनाभराची साखर अजून वसूल करते आहे.

आता ताईंना साठ वर्षं पूर्ण झाली. सत्काराला आम्ही सासू-सुना दोघी जाणार आहोत. रेखा एसटीत खिडकीशी बसणार म्हणते, आणि मी तिला त्यावरूनही बोलणार आहे. बोलायला ती आहे, हे ताईंमुळं.

वत्सलाताईंचं शरीर धडधाकट राहो, डोळे असेच बारीक पाहत राहोत, आणि त्यांनी शंभरी पाहावी. पाहतीलच, असं मी इथं लिहून ठेवते. हे वाचून त्या माझ्याही कागदाला 'कशावरून?'ची चिठ्ठी टाचतील, हे मला माहीत आहे. टाचू द्या. उत्तर द्यायला मी रेखाला पुढं करीन.