पत्रू मडावीची गस्त

पत्रू मडावीने जंगलात वनमजूर म्हणून तीस वर्षं काढली, आणि त्या तीस वर्षांत तो कधी गुपचूप चालला नाही. दर तिसऱ्या पावलाला हातातली बांबूची काठी जमिनीवर आपटायची, ही त्याची रीत. दणक्याने साप सरकतो, अस्वल वाट सोडतं, आणि माणूस येतोय हे वाघालाही आधी कळलेलं बरं असतं. रीत बरोबरच असावी. पत्रू साठीला पोचला तरी अंगावर एकही ओरखडा नव्हता.

वयामुळे ते काम सुटलं. पुढची दोन वर्षं तो घरी बसला. त्याची बायको मंगली म्हणायची, बसला कुठे, घरभर फिरला. मग एका विद्यापीठाच्या लोकांनी बोरटोल्याच्या गायरानात खोल बोअर मारली, भोवती जमिनीत बारा सेन्सर पुरले आणि राखणीला माणूस विचारला. गावाने एकमुखाने पत्रूचं नाव सांगितलं. मंगलीने दोनदा सांगितलं.

संशोधन करणारी नंदिनी चंद्रपूरची. तिने काम समजावलं. बोअरमध्ये दाबाने पाणी सोडलं की खाली खडकाला बारीक भेगा पडतात, आणि त्या पडतानाचा आवाज सेन्सर ऐकतात. भेगा कशा पसरतात हे कळलं तर पुढेमागे जमिनीखालच्या उष्णतेवर, कोळसा न जाळता, वीज करता येईल. मग चंद्रपूरच्या त्या उंच धुराड्यांचं काय करणार, असं पत्रूने विचारलं. त्यावर विद्यापीठात अजून संशोधन झालेलं नव्हतं.

दर अर्ध्या तासाला बाराही सेन्सरवरून एक फेरी, हा नियम पत्रूचा स्वतःचा. त्याला तो कोणी घालून दिला नव्हता. तीन महिन्यांत एक वायर तुटली नाही की एक शेळी आत आली नाही.

बिघाड निघाला तो आलेखात. दर अर्ध्या तासाला त्यात ठोके उमटत आणि खडकाचा बारीक आवाज त्यात बुडून जाई. नंदिनीच्या सरांना आधी वाटलं, नवा शोध लागला. पण खडक घड्याळ बघून फुटत नाही, हे दोन दिवसांत त्यांच्याही ध्यानात आलं. गावातलंच काही वाजत असणार. त्यांनी कळवलं की गुरुवारची चाचणी शेवटची. तेव्हाही ठोके आले तर सगळं सामान नदीपलीकडे हलवायचं.

म्हणजे पत्रूने पुन्हा घरी बसायचं.

तो कामाला लागला. सुकलूची धान कुटायची मिल गुरुवारी दहा ते तीन बंद ठेवायला लावली. सुकलू मूल गावच्या बाजारात पत्रूची नक्कल करून दाखवायचा, त्यामुळे हे सांगताना पत्रूला बरंही वाटलं. शाळेची कवायत शुक्रवारवर गेली. शेवटी त्याने मंगलीला मिरची कांडू नको म्हणून सांगितलं.

"आमी मिरची कांडली तं बंदी," मंगली म्हणाली, "आन् ते धरती फोडून राह्यले त्याहिले परवानगी."

पत्रूने समजावलं, त्या भेगा फार बारीक असतात.

"मिरचीबी बारीकच कांडतो."

गुरुवारी गाव असं गप्प होतं की पोस्टमनने कोण गेलं म्हणून विचारलं. पत्रूने तर कसलीच कसर ठेवली नाही. अर्ध्या तासाची फेरी पाव तासावर आणली. एक वाजता मंगली डबा घेऊन आली, तेव्हा मोहाच्या झाडाखाली बसून त्याने भात आणि झिंगे-वांग्याची भाजी खाल्ली. पावणेदोनला पुन्हा काठी उचलली.

तीनला नंदिनीने त्याला तंबूत बोलावलं. ठोके नेहमीपेक्षा दुप्पट होते. फक्त एक ते पावणेदोन आलेखाची रेघ साफ होती, आणि त्या साफ रेघेवर बारीक बारीक टोकं उभी होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा खडक इतका वेळ सलग ऐकू आला होता. नंदिनीला सुकलूचा संशय होता. चोरून मिल चालवली असेल आणि जेवायला तेवढी बंद केली असेल. सुकलूची ख्याती पाहता हे पटण्यासारखं होतं.

पत्रू रेघेकडे बघत राहिला. दोन लहान ठोके, एक मोठा. पुन्हा दोन लहान, एक मोठा. आपली चाल त्याने चित्रात कधी पाहिली नव्हती, पण ओळखायला वेळ लागला नाही. गप्प बसावं तर सुकलू फुकट बदनाम आणि सामान नदीपलीकडे. बोलावं, तर जो नसताना काम नीट होतं असा राखणदार ठेवणार कोण?

तो बाहेर गेला, चौथ्या सेन्सरजवळ तीन पावलं चालला आणि काठी आपटली. आत पडद्यावर दोन लहान रेघा उठल्या, मग एक मोठी.

"तो मी हाओ, मॅडम," तो तंबूच्या दाराशी येऊन म्हणाला. "सुकल्याची मिल बंदच होती."

नंदिनीने सरांना फोन लावला. जागा चांगली आहे, सामान हलवायचं नाही, असं ठरलं. राखणदारही राहील, मात्र चाचणी चालू असताना त्याने बसून राखण करावी.

सोमवारपासून मोहाखाली प्लास्टिकची खुर्ची आली. काठी मंगलीने घरी ठेवून घेतली. पहिल्या दिवशी पत्रू दहापासून तीनपर्यंत जागचा हलला नाही, आणि इतका थकला की संध्याकाळी मंगलीने त्याचे पाय चेपले. आलेख साफ होता, फक्त दोनच्या सुमारास अगदी बारीक, एका लयीत काही उमटलं होतं. नंदिनीने तंबूबाहेर डोकावून पाहिलं होतं. खुर्चीतल्या पत्रूची टाच जमिनीवर नाचत होती.

दुसऱ्या दिवशी तिने एक रिकामं पोतं आणलं, चार घड्या घातल्या आणि त्याच्या पायाखाली सरकवलं.